मराठे युद्धांचीं लष्करी पदकें : टांकसाळभेद आणि त्यांची परीक्षा

इतिहासाच्या साधनांत पत्रें, बखरी, शकावल्या, महजर, ताम्रपट आणि नाणीं यांस जें स्थान मिळालें आहे तें लष्करी पदकांस अद्यापि मिळालेलें नाहीं. पदक म्हणजे सराफाच्या मोडींत जावयाचें रुपें, किंवा फार तर कपाटांत ठेवावयाची शोभेची वस्तु, असा समज रूढ आहे. जे संग्राहक तीं आस्थेनें जमवितात त्यांचेंहि लक्ष बहुधा पदकाशीं जोडलेल्या हकीकतीवर असतें. धातु, माप, कडी आणि कांठ यांकडे तें क्वचितच जातें. वास्तविक हकीकत विकणाऱ्याच्या तोंडची असते, आणि घडण ही टांकसाळीची असते. या दोहोंत विरोध आला तर कोणाची साक्ष मानावयाची, हें वाचकांस सांगणें नको.

मराठवाड्यांतील संग्राहकांस हा विषय परका नाहीं. वालूरच्या वायव्येस, आजच्या जालना जिल्ह्यांत, असई आहे. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं वेल्स्लीची लढाई झाली. पूर्वेस हिंगोली आहे. तेथें निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी १९०३ पर्यंत होती. या दोन ठिकाणांच्या नांवाखालीं जुनीं पदकें दाखविलीं जातात. त्यांतील अस्सल कोणतें, मागाहून पाडलेलें कोणतें, नक्कल कोणती आणि अस्सल धातूवर खोटें नांव घातलेलें कोणतें, हें ओळखण्याचे नियम प्रस्तुत लेखांत मांडावयाचे आहेत.

१. ठसा हीच आदर्श प्रत

ज्यांस हस्तलिखितांचा परिचय आहे त्यांस ही परीक्षा सहज समजेल. पोथीच्या पांच प्रती समोर आल्या म्हणजे आपण प्रथम त्यांचीं कुळें लावतों. एकाच आदर्श प्रतीवरून उतरलेल्या प्रतींत तेच पाठ आणि तेच दोष आढळतात. दुसऱ्या कुळांतील प्रतींत निराळे. पदकाच्या बाबतींत पोलादी ठसा ही आदर्श प्रत, आणि त्यावरून पाडलेलें प्रत्येक पदक ही तिची उतरलेली प्रत होय. ठशांत अक्षर जितकें जाड तितकेंच तें पदकावर येतें. ठशास तडा गेला तर पदकावर उंच रेघ उमटते. तडा वाढत गेला कीं रेघहि वाढते, आणि त्यावरून कोणतें पदक आधीं पाडलें व कोणतें मागाहून, हेंहि सांगतां येतें. ठसा दीर्घकाळ पडून गंजला तर गंजाच्या खळग्यांचे बारीक उंचवटे पदकाच्या सपाट भागावर दिसतात.

यावरून पहिला नियम निघतो. दोन पदकांत भेद दिसला म्हणजे त्यांतील एक खोटेंच असलें पाहिजे, असें नाहीं. पाठभेद म्हणजे अपपाठ नव्हे. दोन टांकसाळींनीं किंवा एकाच टांकसाळींतील दोन ठशांनीं निरनिराळीं पदकें पाडलीं असतील तर दोन्हीं अस्सल ठरतात. उलट सर्व तपशील मूळाप्रमाणें असूनहि पदक खोटें असूं शकतें, कारण ओतीव नक्कल ही मूळ पदकावरूनच घेतलेली असते. म्हणून भेद आहे कीं नाहीं एवढें पाहून भागत नाहीं. तो कोणत्या कारणानें आला हें पाहावें लागतें.

२. दख्खन पदक

कंपनीनें देशी शिपायांस सरसकट दिलेलें पहिलें पदक म्हणून ज्याची गणना होते तें दख्खन पदक मराठे इतिहासाशीं थेट निगडित आहे. १७७८ सालीं बंगालची एक फौज कर्नल लेस्लीच्या हाताखालीं काल्पीहून पश्चिमेकडे निघाली. लेस्ली वाटेंत मरण पावल्यावर कर्नल गॉडर्डनें तिचें आधिपत्य घेतलें, आणि १७७९ च्या आरंभीं ती सुरतेस पोंचली. १७८० सालीं अहमदाबाद आणि वर्षअखेरीस वसई हीं ठिकाणें गॉडर्डनें घेतलीं. १७८२ च्या सालबाईच्या तहानें हें युद्ध संपलें. त्यानंतर या फौजेस, तसेंच कर्नाटकांत हैदराशीं लढण्यास गेलेल्या बंगालच्या दुसऱ्या तुकडीस, हें पदक देण्यांत आलें.

पदक कलकत्त्यास पाडलेलें आहे. एका बाजूस शस्त्रास्त्रांच्या राशीवर बसलेली ब्रिटानिया असून तिनें पर्णमाला किल्ल्याच्या दिशेनें पुढें केली आहे; किल्ल्यावर इंग्रजी निशाण आहे. दुसरी बाजू सर्वस्वी फार्सी आहे. नाणें जसें जगांत चालतें तशी या वीरांची कीर्ति चालावी, अशा आशयाचा मजकूर तींत असून हिजरी ११९९, म्हणजे इ.स. १७८४-८५, हें वर्ष घातलें आहे. पदकाचीं मापें दोन : मोठें ४०.५ मिलिमीटर व्यासाचें आणि लहान ३२ मिलिमीटरचें. धातु सोनें व रुपें. दर्जाप्रमाणें धातु व माप ठरे, आणि पदक पिंवळ्या दोरींत ओंवून गळ्यांत घालीत. कांठावर नांव नसे.

नांव नसल्यामुळें येथें घडणीची परीक्षा हाच एक आधार उरतो. त्यांत अडचण अशी कीं, कंपनीच्या जुन्या पदकांचे ठसे कलकत्त्याच्या टांकसाळींत राहिले, आणि पुढील काळांत त्यांवरून संग्राहकांसाठीं पुनः पदकें पाडलीं गेलीं. हीं पदकें नकला नव्हेत. ठसा तोच आहे. परंतु तीं कोणा शिपायाच्या गळ्यांत कधीं पडलीं नाहींत. संहितेच्या भाषेंत बोलावयाचें तर पाठ शुद्ध आहे, पण प्रत अलीकडील आहे. हा भेद तीन खुणांनीं कळतो. पहिली खूण, सपाट भागावरील गंजाचे बारीक उंचवटे. दुसरी, कडी व तिची झीज : दोरींत वर्षानुवर्षें लोंबलेल्या पदकाची कडी आंतून एकाच जागीं झिजते, आणि ब्रिटानियाच्या गुडघ्यासारखे उंच भाग गुळगुळीत होतात. तिसरी, कडीचा सांधा : तो पदकाच्याच काळाचा आहे कीं नवीन झाळाचा, हें भिंगाखालीं दिसतें.

३. श्रीरंगपट्टणचें पदक : ४८ कीं ४५?

१७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या स्वारींत मीर आलमच्या हाताखालीं निजामाची फौज कंपनीबरोबर होती. त्यामुळें हैदराबादच्या राज्यांतील जुन्या घराण्यांत हें पदक असल्याचें ऐकूं येणें स्वाभाविक आहे. पदकावर एका बाजूस वाघास लोळविणारा सिंह आणि दुसऱ्या बाजूस किल्ल्यावरील हल्ला आहे. त्याचा ठसा कोनराड हाइन्रिख क्यूखलर या कारागिरानें कोरला, आणि पदकें बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथील बोल्टनच्या टांकसाळींत पाडलीं गेलीं. सोनें, मुलामा दिलेलें रुपें, रुपें, कांसें आणि कथिल असे पांच प्रकार असून शिपायाच्या वाट्यास कथिल आलें. लोंबविण्यासाठीं कडी टांकसाळीनें दिली नव्हती. ज्यानें त्यानें आपापल्या सोनाराकडून ती बसवून घेतली. म्हणून या पदकांच्या कड्यांत एकसारखेपणा नाहीं, आणि तो नसणें हा दोष मानूं नये.

सोहोच्या पदकाचा व्यास ४८ मिलिमीटर आहे. याच पदकाची एक आवृत्ति कलकत्त्यास निघाली. तिचा व्यास ४५ मिलिमीटर आहे. लहान म्हणून नक्कल, असा निवाडा येथें पुष्कळदां दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. ओतीव नक्कल मूळाहून लहान निघते हें खरें, कारण वितळलेला धातु थिजतांना आकसतो. परंतु रुप्याच्या बाबतींत हा आकस व्यासाच्या शेंकडा दोनच्या आसपास असतो. ४८ मिलिमीटरच्या पदकाची ओतीव नक्कल ४७ च्या जवळ येईल. ४५ वर उतरणार नाहीं. तेव्हां ४५ मिलिमीटरचें पदक पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. ४७ मिलिमीटरचें मात्र भिंगाखालीं घातलें पाहिजे. ओतीव पदकाचीं अक्षरें कडेस गोलसर असतात, सपाट भागावर सुईच्या टोंकाएवढीं छिद्रें दिसतात, आणि साच्याच्या दोन अर्धांची शिवण घालविण्यासाठीं कांठ कानशीनें घांसलेला असतो.

सोहोच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ती टांकसाळ १८५० सालीं लिलांवांत निघाली. तेथील पुष्कळ जुने ठसे टेलर नांवाच्या लंडनच्या कारागिराकडे गेले, आणि त्यानें सोहोचीं अनेक नाणीं पुनः पाडलीं. या कारणास्तव सोहोची कोणतीहि वस्तु नितळ व न झिजलेली दिसली म्हणजे गंजाच्या उंचवट्यांची खूण तेथेंहि पाहावी.

४. आर्मी ऑफ इंडिया पदक

मराठे युद्धांविषयीं सर्वांत महत्त्वाचें पदक हेंच. १८०३ व १८१७-१८ च्या लढायांबद्दल शिपायांस हें पदक लागलीच मिळालें नाहीं. मंजुरी १८५१ सालीं आली, आणि तीहि त्या वेळीं हयात असलेल्यांपुरती. असईस वीस वर्षांचा असलेला शिपाई तोंवर अडुसष्ट वर्षांचा झाला होता. जो मेला त्याच्या वारसास कांहीं मिळालें नाहीं. जो खेड्यांत जिवंत होता त्यास बातमी लागून त्यानें मागणी करणें आवश्यक होतें. या कारणानें देशी शिपायाच्या नांवाचें पदक विरळा, आणि जें विरळा त्याचीच नक्कल अधिक.

पदक रुप्याचें असून दर्शनी बाजूस राणी व्हिक्टोरियाचें मस्तक, विल्यम वायनच्या हातचें, आहे. मागील बाजूस बसलेली विजयदेवता आणि १७९९ व १८२६ हीं सालें आहेत. या दोन सालांमधील आडवी रेघ कांहीं पदकांवर आंखूड व कांहींवर लांब आढळते. मागील बाजूचे ठसे दोन होते, त्याची ही खूण आहे. दोन्हीं पदकें टांकसाळीचींच; एकीवरून दुसरीस खोटें ठरवूं नये. परंतु नोंदींत रेघ कोणती हें अवश्य लिहावें, कारण ठशाच्या कुळाचा तो सर्वांत सोपा पुरावा आहे.

रिबिनीवरील पट्ट्या एकवीस प्रकारच्या आहेत. त्यांत असई, असीरगड, अरगांव (अडगांव), गाविलगड, खडकी, पुणें, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर आणि कोरेगांव हीं आपल्या इतिहासांतील नांवें येतात. यांपैकीं दोन ठिकाणीं परीक्षेस उपयोगी असा तपशील आहे. असईची पट्टी रोमन अक्षरांत ‘ए-एस-एस-वाय-ई’ अशी लिहिलेली आहे. पलटणीच्या निशाणावरील सन्मानांत मात्र मध्यें आणखी एक ‘ए’ येतो. पुस्तकांतील लेखन पाहून पट्टी बनविणारा नक्कलकार येथें फसतो. दुसरा तपशील असा कीं, खडकी व पुणें या दोन्हीं प्रसंगीं हजर असणारासाठीं दोन्हीं नांवांची एकत्र पट्टी होती. सीताबर्डी व नागपूर यांचेंहि तसेंच. एकाच पदकावर ‘खडकी’ आणि ‘पुणें’ अशा दोन सुट्या पट्ट्या आढळल्या तर त्या मागाहून कोणी तरी जोडल्या असाव्यात, असा संशय घेण्यास जागा आहे.

येथें हिंगोलीकडील वाचकांसाठीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. १८१९ च्या जानेवारींत मेजर पिटमनच्या हाताखालीं निजामाच्या पलटणींनीं नौसाजी नाईक हटकराचा नोवा येथील किल्ला घेतला. या लढाईबद्दल पलटणींस पुढें सन्मान मिळाला आणि ‘नोवा’ हें नांव त्यांच्या सन्मानांच्या यादींत राहिलें. परंतु एकवीस पट्ट्यांत नोव्याची पट्टी नाहीं. अशी पट्टी कोणी दाखवूं लागला तर पुढील परीक्षा करण्याचें कारणच उरत नाहीं.

५. कांठावरील नांव

येथपर्यंतच्या परीक्षेनें पदक कोणत्या टांकसाळीचें तें कळतें. कोणाचें तें कांठावरून कळतें. शेतकऱ्याच्या पोटीं जन्मलेल्या आणि स्वतः एक ओळहि न लिहिलेल्या शिपायाचें नांव दुसरीकडे क्वचितच सांपडतें. त्याच्या बाबतींत तीन मिलिमीटर रुंदीचा हा कांठ म्हणजेच दप्तर होय.

आर्मी ऑफ इंडिया पदकाच्या कांठावर युरोपियनांचीं नांवें रोमन मोठ्या अक्षरांत ठोकलेलीं आहेत. देशी शिपायांचीं वळणदार लिपींत आहेत. तेव्हां देशी पलटणीच्या शिपायाचें नांव मोठ्या ठोकीव अक्षरांत आलें तर तें विचारणीय होय. पुढील पदकांचीहि आपापली रीत आहे. १८५७-५८ च्या पदकावर ठोकीव मोठीं अक्षरें असतात. हें पदक आपल्याकडे विशेष संभवतें, कारण हैदराबाद कंटिंजंट सर ह्यू रोजच्या मोहिमेंत होती, आणि त्याबद्दलची ‘सेंट्रल इंडिया’ ही पट्टी माशाच्या शेंपटीसारख्या टोंकांची आहे. १८९५ च्या इंडिया पदकावर नांव वळणदार लिपींत कोरलेलें असून लढाऊ शिपायास रुप्याचें, तर भिस्ती, साईस इत्यादि बाजारबुणग्यांस कांशाचें पदक मिळालें. कांशाच्या पदकावर शिपायाचें नांव किंवा रुप्याच्या पदकावर भिस्त्याचें नांव दिसलें तर थांबून पाहावें. १९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस पदकांत कलकत्ता व लंडन या दोन्हीं टांकसाळींचा माल आहे, आणि त्यांचा भेद पदकास दांडी जोडणाऱ्या चिमट्याच्या घडणींत आहे. पहिल्या महायुद्धाचें ब्रिटिश वॉर पदक रुप्याचें आहे. मजूर पलटणींतील लोकांस मात्र तें कांशाचें मिळालें.

नांवाचा प्रक्षेप कसा करतात? जुनें नांव कानशीनें घालवून तेथें मोलाचें नांव कोरतात. अशा वेळीं कांठाचा थोडा भाग जातो, आणि व्यास कमी होतो. म्हणून व्यास एकाच दिशेनें न मोजतां चार दिशांनीं मोजावा. कांठ उजेडांत फिरवून पाहिला तर खोडलेल्या अक्षरांचीं टोंकें पुष्कळदां दिसतात. नव्या कोरणीच्या खांचांत झीज व मळ नसतो. पदकाचा चेहरा झिजलेला आणि नांव मात्र धारदार, हा मेळ बसत नाहीं.

नांव वाचतांना मराठी जाणणाराचा उपयोग होतो. इंग्रज कारकुनानें ऐकून लिहिलेलीं नांवें त्याच्या कानाप्रमाणें बदललीं आहेत. कोरेगांवच्या ज्या जयस्तंभाचा पाया १८२१ सालीं घातला गेला, त्यावरील महार शिपायांच्या नांवांच्या शेवटीं रोमन लिपींत ‘एन-ए-सी’ हीं अक्षरें येतात. त्यांचा उच्चार ‘नाक’ असा आहे, आणि तो प्रत्यय ज्यास ठाऊक नाहीं त्यास हीं नांवें अर्थशून्य वाटतील. मुंबई पलटणीच्या पदकावर असा शेवट आला तर त्यावरून शिपायाचा समाज कळतो. नक्कलकार बहुधा पुस्तकांतलें शुद्ध नांव घालतो. कारकुनाची अशुद्धि त्यास साधत नाहीं. पोथ्यांच्या परीक्षेंत कठीण पाठ सोप्या पाठाहून अधिक विश्वसनीय मानतात, तोच न्याय येथें लागतो.

नांव जुळलें तरी काम संपत नाहीं. कंपनीच्या व हिंदी लष्कराच्या पदकांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिस दप्तरांत आहेत. पलटण, हुद्दा व पट्ट्या यादीशीं ताडून पाहिल्याविना कांठावरील नांवावरून इतिहास लिहूं नये. खडकीची पट्टी ल्यालेला शिपाई पेशव्यांविरुद्ध लढला हें उघड आहे, आणि त्यांतील कित्येक मराठी मुलखांतलेच होते. अशा पदकाबद्दल कोणास अभिमान वाटेल, कोणास विषाद. संशोधकाचें पहिलें काम तो मनुष्य तेथें होता कीं नाहीं हें ठरविण्याचें आहे. खोट्या नांवाचें एक पदक मान्य केलें म्हणजे जो लढाईंत नव्हता असा एक मनुष्य आपण लढाईंत उभा करतों.

६. नोंद कशी ठेवावी

संग्राहकांनीं पुढील गोष्टी कराव्या अशी विनंती आहे. पदक घासूं नये. चिंच, राख किंवा बाजारी पूड लावून चकाकी आणण्याच्या हौसेंत कांठावरील बारीक अक्षरें आधीं जातात. व्यास चार दिशांनीं दशांश मिलिमीटरपर्यंत व वजन शतांश ग्रॅमपर्यंत लिहावें. धातूविषयीं शंका असल्यास रिबीन काढून, पदक दोऱ्यानें पाण्यांत लोंबवून पुनः तोलावें. हवेंतील वजनास दोन्हीं वजनांतील फरकानें भागलें म्हणजे विशिष्ट गुरुत्व येतें. शुद्ध रुप्याचें तें सुमारें १०.५, तांब्याचें ८.९, कथलाचें ७.३ आणि शिशाचें ११.३ असतें. श्रीरंगपट्टणच्या कथिल पदकाची शिशाची नक्कल एवढ्यानेंच उघडी पडते, आणि त्यासाठीं कसोटीचा ओरखडा काढावा लागत नाहीं.

दोन्हीं बाजूंचीं व संपूर्ण कांठाचीं छायाचित्रें तिरक्या उजेडांत घ्यावीं. कांठावरील मजकूर, अशुद्धि न सुधारतां, अक्षरशः उतरून घ्यावा. सुधारलेलें वाचन द्यावयाचें तर निराळें द्यावें. पदक ज्या घरांतून मिळालें त्या घरची हकीकत लिहून ठेवावी, परंतु ती घडणीच्या नोंदीपासून वेगळ्या कागदावर असावी. हकीकत आणि घडण एकाच वाक्यांत आलीं म्हणजे पुढील वाचकास त्यांतील साक्ष कोणती व ऐकीव काय हें निवडतां येत नाहीं.

अशा वीस-पंचवीस नोंदी एकत्र आल्या तर असई, खडकी व कोरेगांव येथील देशी शिपायांचीं नांवें, त्यांचीं गांवें व पलटणी यांची एक विश्वसनीय यादी मराठींत होऊं शकेल. ज्यांच्या संग्रहीं हीं पदकें आहेत त्यांनीं तीं मोडींत जाण्यापूर्वीं निदान त्यांचे कांठ वाचून ठेवावे.

वालूर (जि. परभणी)